‘साभार परत’ येणंही थांबलं, मग कथा कुठे पाठवायची?

प्रश्न उमरेडच्या एका शिक्षिकेचा आहे. त्या लिहितात: “पाच वर्षांत २२ कथा लिहिल्या. तीन छापून आल्या, त्याही दिवाळी अंकांत. बाकीच्या पाठवत राहिले, पण होकार नाही आणि नकारही नाही. ज्या मासिकांची नावं ऐकत मोठी झाले, ती शोधायला गेले तर बंद पडलेली. आता कथा कुठे पाठवायची? फेसबुकवर टाकून मोकळं व्हावं, की पैसे भरून संग्रह काढावा? सोबत एक कथा जोडली आहे, वेळ मिळाला तर वाचा.”

ताई, कथा वाचली. तिच्याबद्दल शेवटी लिहितो.

तुमच्या पत्रातलं “होकार नाही आणि नकारही नाही” हे वाक्य मला फार लागलं. मासिकं कमी झाली, मानधन उरलं नाही, हे सगळेच बोलतात आणि ते खरं आहे. पण लिहिणाऱ्याचं खरं नुकसान तुमच्या या वाक्यात आहे. पाठवलेली कथा परत येईनाशी झाली.

मी १९८१ ते २०१९ नागपूरच्या आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वे टपाल सेवेत, सॉर्टिंगला होतो. रात्रपाळीत थैले फोडायचे, खणांत टपाल लावायचं आणि सकाळी घरी येऊन दोन तास कथा लिहायची, असं आयुष्य गेलं. मधल्या काळात नऊ वर्षं एका दिवाळी अंकाचा कथाविभाग मी पाहिला. त्यामुळे कथेचा हा बाजार मला तिन्ही बाजूंनी माहीत आहे: पाठवणाऱ्याच्या, निवडणाऱ्याच्या आणि पोचवणाऱ्याच्या.

ऐंशीच्या दशकात महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पुण्या-मुंबईच्या गाड्यांतून मासिकांचे थैले उतरायचे. अंकाला मधोमध कागदी पट्टी, तिच्यावर वर्गणीदाराचा पत्ता. भंडारा, गोंदिया, वरोरा, काटोल, उमरेड. कुठल्या गावात किती अंक जातात हे मोजावं लागत नसे, हाताला कळायचं. मी निवृत्त झालो तेव्हा त्याच खणांत बँकांची पत्रं आणि ऑनलाइन खरेदीची पुडकी होती. एखाद्या दिवशी पट्टी गुंडाळलेला अंक हाताला लागला तर मी पत्ता वाचायचो. कोण घेत असेल अजून, म्हणून.

माझी पहिली कथा दोन ठिकाणांहून परत आली. दुसऱ्या वेळी ‘साभार परत’च्या छापील चिठ्ठीखाली संपादकांनी पेनाने एक ओळ लिहिली होती: “शेवट तिसऱ्या पानावरच झाला आहे.” मी आठ दिवस चिडून होतो. नवव्या दिवशी तिसऱ्या पानापुढचं सगळं काढलं आणि त्यांनाच परत पाठवलं. १९८४ साली ती छापून आली, ४० रुपयांची मनीऑर्डर आली. ते पैसे कुठे गेले ते आठवत नाही. ती ओळ मात्र पुढच्या प्रत्येक कथेच्या वेळी माझ्याशेजारी बसलेली असते. मासिक म्हणजे काय, असं मला कुणी विचारलं तर मी ही ओळ सांगतो. छपाई आणि मानधन त्याच्या नंतर.

मराठी कथा वाढली ती अशा ओळींवर. का. र. मित्रांनी १८९५ साली ‘मनोरंजन’ काढलं आणि १९०९ मध्ये त्याचा पहिला दिवाळी अंक काढला. पुढे १९२० ला ‘किर्लोस्कर’ आलं, १९३३ ला ‘सत्यकथा’. ‘सत्यकथे’चे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना लांबलचक पत्रं लिहीत, एकच कथा दोन-तीनदा लिहून घेत. मी नोकरीला लागलो त्याच्या पुढच्याच वर्षी, १९८२ मध्ये, ‘सत्यकथा’ बंद झालं. त्या मासिकाच्या अभिरुचीवर खूप टीका झाली, तिच्यातली बरीचशी रास्तही होती. दलित आणि ग्रामीण लेखकांना स्वतःची नियतकालिकं काढावी लागली ती उगाच नाही. गंगाधर पानतावणे मूळचे आपल्या नागपूरचेच, त्यांनी औरंगाबादेत ‘अस्मितादर्श’ उभं केलं आणि कितीतरी लोकांना पहिल्यांदा लिहितं केलं. मुद्दा असा की दोन्हीकडे कुणीतरी वाचत होतं आणि वाचून कळवत होतं.

दूर राहणाऱ्याला तर मासिकाचा उपयोग आणखी वेगळा होता. महेश एलकुंचवारांची ‘सुलतान’ ही एकांकिका १९६७ मध्ये ‘सत्यकथे’त आली. नागपुरात लिहिलेला मजकूर मुंबईत दिग्दर्शिका विजया मेहतांच्या वाचनात आला आणि तिथून एलकुंचवारांच्या नाटकांचा प्रवास सुरू झाला. नागपूरच्या लेखकाला दादर-गिरगावात ओळखी काढत फिरावं लागलं नाही. पाकीट गेलं, अंक निघाला, ज्यांनी वाचायचं त्यांनी वाचलं. आज उमरेडच्या लेखिकेची कथा अशी आपल्या पायांनी चालत कुठे जाऊ शकत नाही, हे मला सगळ्यात जास्त खटकतं.

आता मासिकं का आटली. “लोक वाचत नाहीत” हे उत्तर मला अर्धंच पटतं. टीव्ही आला, फोन आला, गाडीतला प्रवासी अंकाऐवजी पडदा बघू लागला, हे मी फलाटावर उभं राहून पाहिलेलं आहे. पण जी लहान वाङ्मयीन मासिकं बंद पडली त्यांतली कितीतरी वाचक असताना बंद पडली. त्यांचा हिशेब चुकत गेला.

आजीव वर्गणी हे त्यातलं मोठं दुखणं. समजा, १९९० च्या सुमाराला एखाद्या मासिकाने ५०० रुपयांत आजीव वर्गणीदार केले. बँकेत १२ टक्के व्याज मिळत होतं तेव्हा त्या पैशाचे वर्षाला ६० रुपये यायचे आणि त्यात बारा अंक कसेबसे निघायचे. व्याज ६ टक्क्यांवर आलं की तेच ३० रुपये होतात, आणि तोपर्यंत कागद, छपाई, पोस्टेज सगळं कितीतरी पटींनी वाढलेलं असतं. वर्गणीदार मात्र आजीव. त्याला अंक पाठवणं भाग आहे. जितके निष्ठावान वाचक जास्त, तितका खड्डा मोठा. हे गणित मांडताना मला नेहमी वाईट वाटतं, कारण ज्यांनी प्रेमाने पैसे भरले त्यांचंच ओझं झालं.

मग संपादक खर्च वाचवायला मासिकाचं द्वैमासिक किंवा त्रैमासिक करतो. इथे टपालाचा नियम आडवा येतो. वृत्तपत्र म्हणून टपालात सवलत हवी असेल तर दोन अंकांमधलं अंतर ३१ दिवसांपेक्षा जास्त चालत नाही. म्हणजे मासिकाला सवलत आहे, त्रैमासिकाला नाही. छपाईत वाचवलेले पैसे पाठवण्यात जातात. डिसेंबर २०२४ मध्ये रजिस्टर्ड बुक पोस्टची स्वस्त सोय बंद झाली, तिचा फटका छोट्या प्रकाशकांना आणि अनियतकालिकांना बसला. १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ आलं आहे, त्यात ३०० ग्रॅमपर्यंतचं पुस्तक २० रुपयांत आणि ५ किलोपर्यंतचं पार्सल १०० रुपयांत जातं. पुस्तकांसाठी ते चांगलंच आहे. पण ठरावीक काळाने निघणारे अंक त्यात बसत नाहीत.

आणि वाचनालयं. राज्यात अकरा-बारा हजार शासनमान्य ग्रंथालयं आहेत. दिवाळीनंतर तुम्ही कुठल्याही बऱ्या वाचनालयात जा, ‘दिवाळी अंक योजना’ लावलेली दिसेल: इतके रुपये भरा आणि दोन-तीन महिने हवे तेवढे अंक घरी न्या. लोक तुटून पडतात. एकेका अंकाची पानं सुटेपर्यंत तो हातोहात फिरतो. मग वाचक नाहीत कसं म्हणायचं? आहेत. फक्त चाळीस जणांनी वाचलेला अंक प्रकाशकाच्या वहीत एकच प्रत म्हणून विकलेला असतो. जाहिरातदारालाही वर्षातून एकदाच, दिवाळीला, खिशात हात घालायची सवय झालेली आहे. म्हणून बारा महिन्यांची कथा एका महिन्यात कोंबली गेली.

हे आपल्याच भाषेत झालं असंही नाही. नागपूरला आपण निम्मं हिंदी वाचत मोठे झालो. २०२० च्या टाळेबंदीच्या वर्षी ‘कादंबिनी’ आणि ‘नंदन’ दोन्ही बंद झाली. माझ्या घरी ‘नंदन’ मुलांसाठी यायचं, ‘कादंबिनी’ माझ्यासाठी.

दिवाळी अंकात निवड कशी होते तेही सांगतो, कारण तुमच्या १९ कथांचं काय झालं असेल ते त्यावरून कळेल. आमच्या अंकाकडे एका वर्षी १६० कथा आल्या. जागा ११ कथांना होती. त्यांतल्या पाच-सहा जागा आधीच भरलेल्या, कारण ज्या नावांवर अंक विकला जातो त्यांना चैत्रातच विचारलेलं असतं. म्हणजे उरलेल्या दीडशेंना पाच जागा. त्यातच एखादी जाहिरात ऐनवेळी वाढली की कथा गळते, आणि गळायची ती नव्या लेखकाचीच गळते. पहिली चार वर्षं मी प्रत्येक लेखकाला पोस्टकार्ड लिहिलं. पाचव्या वर्षापासून जमेनासं झालं आणि मी उत्तरं देणं सोडून दिलं. तेव्हा माझ्याकडे नोकरीची, आजारपणाची कारणं होती. पण कुणीतरी आपल्या कथेची वाट बघत बसलं होतं, हे त्याने बदलत नाही. तुमचं पत्र वाचताना ती पाच वर्षं आठवली. म्हणूनच इतकं सविस्तर लिहायला बसलो आहे.

तेव्हा पहिली गोष्ट: उत्तर न येणं म्हणजे कथा वाईट, असा अर्थ कधीही काढू नका. कथा चांगली, असाही नाही. त्याचा काहीच अर्थ नसतो.

दुसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. जे काम संपादक करत होता ते करणारी माणसं तुम्हाला आता स्वतः शोधावी लागतील, आणि कथा पाठवण्याच्या आधी शोधावी लागतील. चार जण पुरेत. नातेवाईक नकोत, फक्त कवी असलेले नकोत, आणि तुमच्या शाळेतले वरिष्ठ तर नकोतच. एक जण असा हवा ज्याने कधी काही लिहिलं नाही पण वाचनालयाचं कार्ड झिजवलं आहे. महिन्यातून एकदा बसा. आमचा असा गट गेली चौदा वर्षं बर्डीवर एकाच्या घरच्या गच्चीवर बसतो, मे महिन्यात कूलरसमोर. आमचा नियम असा आहे की कथा लेखकाने वाचायची नाही, दुसऱ्याने मोठ्याने वाचायची. वाचणारा जिथे अडखळतो तिथे लेखकाने पेन्सिलीने खूण करायची. मग ऐकणाऱ्यांनी एवढंच सांगायचं: माझं लक्ष कुठे उडालं, आणि मला काय खोटं वाटलं. “छान झाली” म्हणायला बंदी आहे. “असं लिहायला हवं होतं” म्हणायलाही. पहिले सहा महिने फार जड जातात, एकदोघं गट सोडून जातात. जे उरतात ते तुमचे संपादक.

उमरेडला असा गट जमला नाही तर नागपूर लांब नाही. सीताबर्डीला झाशी राणी चौकात विदर्भ साहित्य संघ आहे. १९२३ साली अमरावतीत स्थापन झालेली ही संस्था, तिने शंभरी गाठली. ‘युगवाणी’ हे तिचं मुखपत्र. तिथल्या कार्यक्रमांना जा, पण भाषण ऐकून घरी परतू नका. कार्यक्रमानंतर चहाच्या टपरीवर जे तिघे-चौघे पुस्तकांवर वाद घालत उभे असतात, त्यांच्याजवळ जाऊन उभ्या राहा. तुमची माणसं तिथे मिळतील.

कुठे पाठवायचं, याचं उत्तर एका पत्त्याचं राहिलेलं नाही. पूर्वी लेखक आपलं एक मासिक धरून असायचा. आता सहा-सात वाटा थोड्या थोड्या चालाव्या लागतात. ‘अनुष्टुभ’, ‘मुक्त शब्द’ अशा वाङ्मयीन नियतकालिकांना पाठवा, पण आधी त्यांचे दोन-तीन अंक विकत घेऊन वाचा. कथा कुठे बसते ते अंक वाचल्याशिवाय कळत नाही, आणि घेतलेली प्रत हीच त्या अंकाला आपली मदत. ‘साधना’ आणि ‘मिळून साऱ्याजणी’ यांचा वाचक वेगळा आहे, तिथे तुमच्या शाळेच्या अनुभवातून आलेली कथा जास्त जवळची वाटेल. शिक्षिका आहात तर बालभारतीच्या ‘किशोर’चा विचार जरूर करा. १९७१ पासून ते मासिक चालू आहे आणि खेड्यापाड्यांतल्या शाळांत पोचतं. मुलांसाठीची कथा म्हणजे सोपी कथा असं समजून मात्र हात घालू नका. मी दोनदा प्रयत्न केला, दोन्ही कथा मलाच पटल्या नाहीत म्हणून पाठवल्या नाहीत.

आकाशवाणी लोक विसरतात. नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ ला सुरू झालं, आणि विदर्भातल्या कितीतरी कथाकारांना आवाज त्याने दिला. दहा मिनिटांच्या वाचनाला हजार-अकराशे शब्द लागतात. माझा अनुभव असा की एवढ्या शब्दांत बसवताना कथेतली सगळी प्रस्तावना आपोआप गळून पडते. त्यासाठी तरी एकदा करून बघा. वर्तमानपत्रांच्या रविवार पुरवण्यांत जागा आक्रसली आहे, तरी बाराशे शब्दांची घट्ट कथा अजून जाते. दिवाळी अंकाला तीन ते चार हजार शब्द. पाच हजारांच्या वर गेलात की नव्या लेखकाची कथा शेवटपर्यंत वाचलीच जात नाही, कितीही चांगली असो.

आपण नागपूरकर हिंदीच्या वाटेचा फारसा उपयोग करत नाही. तुमच्या ओळखीत चांगलं हिंदी लिहिणारं कुणी असेल तर एक-दोन कथांचा अनुवाद करून घ्या आणि शेजारी बसून तपासा. साहित्य अकादमीचं ‘समकालीन भारतीय साहित्य’ हे हिंदी द्वैमासिक सगळ्या भारतीय भाषांतलं अनुवादित साहित्य छापतं. तिथे कथा आली तर ती पाटण्यालाही वाचली जाते, कोचीलाही.

पाठवण्याची रीत थोडक्यात. युनिकोडमध्ये टाइप केलेली वर्ड फाइल, पहिल्या पानावर नाव, पत्ता, फोन, शब्दसंख्या. व्हॉट्सॲपवर फोटो काढून पाठवू नका. पत्र चार ओळींचं, त्यात कथेचा सारांश नको. दिवाळी अंकांना आषाढ लागायच्या आत पोचली पाहिजे, श्रावणात पोचलेली कथा पुढच्या वर्षाची समजा. एक वही करा: कोणती कथा, कुठे, कधी. दोन महिन्यांनी एकदाच आठवण द्या. तीन महिने झाले आणि उत्तर नाही, तर “मी ही कथा आता दुसरीकडे पाठवत आहे” असं कळवून मोकळ्या व्हा. हे शेवटचं वाक्य लिहायला लोक घाबरतात. मी संपादक असताना अशी पत्रं मला आली आहेत आणि त्या लेखकांबद्दल माझं मत चांगलंच झालं.

फेसबुकबद्दल. तिथे वाचक आहेत, लगेच आहेत, आणि त्यांची दाद खरी असते. पण तिथे टाकलेली कथा बहुतेक अंक आणि स्पर्धा ‘पूर्वप्रकाशित’ धरतात, म्हणजे पुढची दारं बंद. शिवाय दोन दिवसांत ती व्हॉट्सॲपवर फिरू लागते आणि चौथ्या गटात पोचेपर्यंत तुमचं नाव गळलेलं असतं. म्हणून छापून आलेल्या कथा, अंक विकला गेल्यानंतर, तिथे ठेवा. नव्या ठेवू नका. ‘प्रतिलिपी’सारख्या ऑनलाइन ठिकाणी वाचकसंख्या मोठी आहे, पण तिथे रोज एक भाग अशा मालिकेला मागणी जास्त. त्या लयीत तुम्हाला लिहायचं आहे का, हे आधी स्वतःला विचारा. मला ते कमी प्रतीचं वाटत नाही. एकेकाळी ह. ना. आपट्यांनीही ‘करमणूक’मध्ये आठवड्याला प्रकरण लिहून कादंबऱ्या दिल्या. पण लघुकथेचा हात त्याने घडत नाही, वेगळाच हात घडतो. आणि कुठेही ‘मान्य आहे’वर बोट ठेवण्याआधी अटी वाचा, विशेषतः ध्वनिमुद्रण, अनुवाद आणि चित्रपटाचे हक्क.

हक्कांचं थोडं जास्त सांगतो, कारण यात फार अज्ञान आहे. कथा अंकात छापायला दिली म्हणून तिची मालकी जात नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी आणि सहीचा कागद लागतो. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरतेच हक्क जातात. एका कथाकार मित्राने संग्रहाच्या करारात “सर्व माध्यमांतील सर्व हक्क कायमस्वरूपी” या ओळीखाली सही केली. पंधरा वर्षांनी त्याच्या कथेवर एकांकिका करायची म्हणून कॉलेजची पोरं आली, तेव्हा परवानगी द्यायचा अधिकार त्याच्याकडे नव्हता. प्रत्येक करारातली ही एक ओळ शोधा आणि खोडून मगच सही करा. चांगला प्रकाशक यावर रागवत नाही.

पैसे भरून संग्रह: आत्ता नको. आणि ‘सहभाग शुल्क’ घेऊन पंचवीस लेखकांच्या पंचवीस कथा एकत्र छापणारे, वर सन्मानपत्र आणि स्मृतिचिन्ह देणारे जे निघाले आहेत, त्यांना तर एक रुपयाही देऊ नका. तिथे निवड झालेली नसते. ज्याने पैसे भरले त्याची कथा आत जाते, आणि वाचणाऱ्याला ते दोन पानांत कळतं. स्वखर्चाने काढलेल्या ३०० प्रतींपैकी पन्नास वाटल्या जातात आणि उरलेल्यांचे गठ्ठे पलंगाखाली राहतात. असे पलंग मी महाल आणि धरमपेठेतल्या चांगल्या चांगल्या लेखकांच्या घरी पाहिले आहेत. पहिल्या पुस्तकासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, कथासंग्रह तिच्यात बसतो. तज्ज्ञ हस्तलिखित वाचतात, म्हणजे निदान कुणीतरी ते पूर्ण वाचतं. २२ पैकी १० कथा गटाच्या हाताखालून गेल्यावर तिथे पाठवा. तिशीत आहात, साहित्य अकादमीच्या युवा पुरस्काराची ३५ वर्षांची मर्यादा दिसत असेल आणि तिच्यामुळे घाई होत असेल. त्यासाठी कच्चं पुस्तक काढू नका.

कथाप्रकारच संपला, असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. साहित्य अकादमीचा पुरस्कार २०१२ मध्ये जयंत पवार, २०१६ मध्ये आसाराम लोमटे आणि २०२१ मध्ये किरण गुरव यांना मिळाला, तिन्ही वेळा कथासंग्रहांसाठी. दहा वर्षांत तीनदा. आटली ती कथा वर्षभर पोचवणारी व्यवस्था, कथेची पत घटलेली नाही. आणि लोमटे, गुरव हे दोघेही आपापल्या गावाची भाषा आणि माणसं घेऊन आले, पुण्याची नाही. वामन चोरघडे नरखेडचे. विदर्भातल्या लहान गावातून कथा लिहिणं ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही.

आता तुमची कथा. कोळसा खाणीतून निवृत्त झालेले वडील रोज पहाटे जुन्या पाळीच्या वेळी उठतात, डबा भरून घेतात आणि खाणीच्या फाटकापर्यंत जाऊन येतात. विषय तुमचा आहे आणि माणूस खरा आहे. भोंगा ऐकून आई गॅस लावते ती दोन वाक्यं तर मी पुन्हा पुन्हा वाचली. सुरुवातीचं पाऊण पान खाणीची माहिती आहे, ती काढा. ती तुम्हाला माहीत आहे एवढं पुरे, कथेत आपोआप उतरेल. “वाटलं” हा शब्द अकरा वेळा आला आहे, आठ ठिकाणी तो नसला तरी चालतं. वडिलांच्या तोंडचं “काहून” तुम्ही दोनदा “का” केलं आहे, बहुधा पुण्याचा संपादक अडेल म्हणून. तसंच राहू द्या, तो अडणार नाही. मुलगी वडिलांना समजावते तो संवाद लांबला आहे. ती समजावणार नाही असं मला वाटतं, ती नुसती डबा घासेल.

आणि सातव्या पानावर वडील डबा न उघडता परत आणतात, आई तो हातात घेऊन वजनावरून ओळखते आणि काही न बोलता ओट्यावर ठेवते. त्याच्यापुढची दीड पानं काढून बघा. नंतर कथा चार दिवस बाजूला ठेवा, कुणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्या, आणि मला परत पाठवा. आत्ता फाल्गुन आहे, आषाढाला अजून तीन महिने आहेत.